पुस्तक कुठल्या सालचं?

नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद घरी आला त्या दुपारी मी निमोना केला होता. हिरवे मटार वाटून करायची ही इथली भाजी. वर्ध्याला आमच्या घरी ती कोणाला माहीत नव्हती, लखनऊनं शिकवली. त्या दिवशी तिला कोणी हात लावला नाही, आणि त्या हिवाळ्यात मी पुन्हा मटार आणले नाहीत.

नवरा अमौसीच्या विमानतळावर विजेच्या विभागात आहे. दरवर्षी त्यांच्याकडे तपासणी होते, दरवर्षी कागद येतो आणि फ्रिजवर पडून राहतो. या खेपेला लॅबवाल्यानं आधी फोन करून पुन्हा रक्त मागवलं होतं. दोन्ही वेळा पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की आकडा वाचताना मला वाटलं, टाइप करणाऱ्याचा एखादा शून्य जास्त पडला असेल. त्यांना त्रास म्हणाल तर काहीच नाही. थोडा थकवा, आणि डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. त्याचं खापर आम्ही कचोरीवर फोडलं होतं.

सरकारी रुग्णालयात रक्ताच्या आजारांचे डॉक्टर होते, तरुण, बोलायला बरे. पोट चाचपून ते म्हणाले, "क्रॉनिक माइलॉइड ल्यूकेमिया का शक है. एक ख़ास जाँच भेज रहे हैं, दो-ढाई हफ़्ते लगेंगे. तब तक घबराइए मत. और इंटरनेट मत देखिए."

घबराऊ नका म्हटल्यावर घाबरला नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि इंटरनेट मी रुग्णालयाच्या जिन्यातच उघडलं.

पहिलं पान एका खासगी दवाखान्याचं होतं आणि दर चार ओळींखाली अपॉइंटमेंटचं बटण होतं. दुसऱ्यावर गुळवेल आणि पपईच्या पानांचा काढा होता, खाली त्याच काढ्याची बाटली विकायला. तिसऱ्यावर कोणी एक मुलगी आपल्या वडिलांच्या आजाराबद्दल लिहीत होती. ते लिखाण एके दिवशी मध्येच थांबलेलं होतं. त्या थांबण्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला आणि निशातगंजच्या बाजारात, रिक्षात बसल्याबसल्या, मी त्या लिखाणाची शेवटची तारीख पुन्हा पुन्हा पाहत राहिले. शेजारी नवरा भाजीवाल्याला विचारत होते, मेथी कशी दिली.

मी फोनवर फक्त "ल्यूकेमिया" टाइप करत होते. त्याच्या आधीची दोन विशेषणं मला अवघड वाटत होती म्हणून मी ती गाळत होते. आजाराची पुढची सगळी कहाणी त्या विशेषणांतच असते, हे मला तेव्हा कोण सांगणार? मुलीनं एवढं मात्र सांगितलं. ती बी.एस्सी.ला आहे, मराठी तिला सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. "आई, तुम जो डर टाइप करोगी, वही दिखाएगा ना," ती म्हणाली आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला राग आला. पोरीनं शहाणपणा शिकवावा एवढी मी अडाणी नाही, असं काहीतरी बोलले. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, तिचा अर्थ त्या आठवड्यात कळला. स्वयंपाक करताना मी मनातल्या मनात त्यांच्याशिवायचं घर लावून पाहत होते आणि स्वतःची भीती वाटत होती.

मग मी ठरवलं की फोन खोटा. खरं हवं तर पुस्तकात पाहावं.

हे ठरवायला मला जराही वेळ लागला नाही, कारण मी ज्या घरातली आहे तिथं पुस्तक खोटं बोलत नाही. माझ्या आजोबांना शाळेच्या आत बसू दिलं नव्हतं. त्यांचा मुलगा, माझे बाबा, केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीनं लखनऊला आले तेव्हा इथं आपल्या बौद्ध मराठी माणसांची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. चिनहटच्या बाजूला सगळ्यांनी मिळून लहानसा विहार बांधला, आणि त्यात बाबांनी पहिली वस्तू आणली ती मूर्तीच्याही आधी एक लोखंडी कपाट. दरवर्षी जयंतीला प्रत्येक घरानं एक पुस्तक द्यायचं, असा नियम केला. एकदा कपाटात गेलेलं पुस्तक कधीही रद्दीत जायचं नाही. फाटलं तर शिवायचं, वाळवी लागली तर उन्हात ठेवायचं. पुस्तक रद्दीत देणारा माणूस आमच्यात भाकरीला लाथ मारणाऱ्यासारखा. रजिस्टरसुद्धा बाबांनी आखलेलं, प्रत्येक पुस्तकाला एक स्वतंत्र पान. कोणी नेलं, कधी आणलं, सगळं त्या पानावर.

बाबा गेल्यावर कपाटाची चावी कॉलनीतल्या एका काकांकडे आली. ते बाबांचे जुने सोबती. रविवारी वंदना झाली की ते कपाट उघडत आणि मी शेजारी बसून रजिस्टर लिहीत असे. काकाही पाच-सहा हिवाळ्यांपूर्वी गेले. आजारी पडले, दवाखान्यात चला म्हणून सगळ्यांनी हात जोडले, पण ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. हट्टी माणूस, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तेव्हापासून चावी माझ्याकडे आहे.

त्या कपाटात इंग्रजी वैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ होता, लाल कापडी पुठ्ठ्याचा. बाबांनी तो अमीनाबादच्या फुटपाथवरून आणला होता. मी मधल्या वारी एकटीच विहारात गेले, तो काढला आणि कपाटाच्या दारामागे स्टुलावर बसून वाचला. आमच्या ऑफिसात मी रेकॉर्ड सेक्शनला आहे, फायलींमुळे इंग्रजी येतं. या वेळी मी विशेषणं गाळली नाहीत. पूर्ण नाव शोधलं, आणि ते सापडलं. हा आजार काही वर्षं शांत राहतो, असं तिथं लिहिलं होतं. मग उसळतो, आणि उसळल्यावर आवरत नाही. औषधानं मधला काळ जरा बरा जातो, आयुष्य फारसं वाढत नाही.

छापील होतं. आत बाबांचा शिक्का होता. आमच्या सेक्शनमध्ये फोनवरचं बोलणं म्हणजे वारा, आणि जुना, शिक्क्याचा कागद म्हणजे पुरावा. बावीस वर्षं मी तेच करत आले आहे. मी तो परिच्छेद तीनदा वाचला आणि मला रडू आलं नाही, फक्त खूप थंडी वाजली. पुस्तक पिशवीत घातलं. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. कोणी पान उघडून पाहिलं तर कळेल ना, असं वाटलं.

हे एकटीला पेलवेना. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवरून मी वर्ध्याला मोठ्या दिरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. वर बजावलं, कोणाला बोलू नका. मरणाची बातमी कोणाच्या पोटात राहिली आहे का आजवर? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकट्या भावालाच फोन लावला. नवरा दाढी करत होते. फोन स्पीकरवर होता.

"काही नको विचारू, तू पहिले घरी ये," दीर रडत होते. "थोडीच वर्षं हायेत म्हणे. तिनं पुस्तकात पाहिलं."

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी फोन बंद केला. माझ्याकडे आरशातूनच पाहिलं.

"काय पाहिलं तू?"

मी सांगितलं. आता लपवण्यासारखं काय होतं? ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेली दाढी नीट केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आधी मले सांगायचं होतं ना."

रिपोर्ट घ्यायला गुरुवारी बोलावलं होतं. गुरुवारी सकाळी ते डबा घेऊन ड्यूटीवर निघाले.

"अहो, आज रिपोर्ट आहे."

"कागद आणून काय करू? जे हाय ते तुझ्या पुस्तकात हाय." चपला घालता घालता ते बोलत होते, माझ्याकडे न बघता. "उलट्या करत, केस गळून, नळ्या लावून मले ती वर्षं काढायची नाहीत. काका काय वाईट गेले? आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेले."

दार लागलं. मी ओट्याला धरून उभी राहिले. आजार त्यांच्या रक्तात असेल नसेल, पण हे मी केलं होतं. त्यांना अजून कशानं मारलं नव्हतं आणि मी त्यांना खाटेवर झोपवून मोकळी झाले होते. ते तपासणीला गेलेच नाहीत तर त्याला कारण मी, हे मला लख्ख दिसत होतं, आणि त्या भीतीपुढे आधीची भीती काहीच नव्हती.

मुलगी आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. लाल पुस्तक टेबलावर होतं, त्याच्याकडे पाहत ती मराठीत बोलली, जे ती वर्षातून दोनदा बोलते. "आई, हे चुकीचं असलं तर?"

पुस्तक चुकीचं असेल हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार. मी ऑफिसात सुटीचा अर्ज टाकला, पुस्तक पिशवीत घेतलं आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. दारावरच्या गार्डनं अडवलं, फक्त विद्यार्थी आणि डॉक्टर. मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. शेवटी मी इतक्या मोठ्या आवाजात बोलू लागले की आतून ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. पिकलेले केस, फिकट चिकनकारीचा कुर्ता, कपाळावर आठी.

"क्या काम है?"

मी पुस्तक काढून त्यांच्या काउंटरवर ठेवलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि म्हणाले, "मैडम, ये सही लिखा है या ग़लत, बस इतना बता दीजिए."

त्यांनी परिच्छेदाकडे पाहिलंही नाही. "किताब किस साल की है?"

"मालूम नहीं. बहुत मोटी है."

"मोटी होने से क्या होता है?" त्यांनी पुस्तक स्वतःकडे फिरवलं आणि शीर्षकाचं पान उलटून त्याच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ते साल मी शाळेतही जात नव्हते तेव्हाचं होतं. इतक्या वर्षांत त्या पानाच्या मागे काय असतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या घरात पुस्तकं शिवून ठेवत, त्या घरात कोणीच पाहिलं नव्हतं.

"आपके दफ़्तर में इतना पुराना सर्कुलर चलता है?" त्यांनी विचारलं.

नाही चालत. रेकॉर्डमध्ये बसून बावीस वर्षं मी हेच तर बघते, नवा आदेश निघाला की जुन्यावर शेरा पडतो, रद्द. फाडत नाहीत त्याला, पण त्यावर काम करत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला ऑफिसात समजत होती आणि घरात समजली नाही. मला तिथं उभ्या उभ्या लाज वाटली.

बाईंनी मला एका तासाची परवानगी दिली आणि स्वतः समोर बसल्या. स्वभाव खाष्ट, पण शिकवण्याची हौस. साल बघा. लिहिणारा कोण आहे बघा, नाव नसेल तर पुढे वाचूच नका. तो काही विकतोय का ते बघा. कॉम्प्युटरवर सरकारी आरोग्य खात्याचं पान असेल, विद्यापीठाचं असेल, तर खाली शेवटचं कधी तपासलं ते लिहिलेलं असतं, ते बघा. एखाद्या एकट्या माणसाची कहाणी खरी असते, पण ती तुमची नसते. एकच गोष्ट तीन ठिकाणी मिळाली म्हणून खूश होऊ नका, तिघांनी एकाचीच नक्कल केलेली असू शकते. आणि शोधताना आजाराचं नाव डॉक्टरांच्या पर्चीवर आहे तसं, अक्षर न् अक्षर टाका. मी माझी पर्ची काढली. त्यांनी नाव वाचलं, उठल्या आणि मांडणीतून एक ग्रंथ आणून माझ्यापुढे ठेवला.

तोच ग्रंथ होता. तेच नाव, तसाच लाल पुठ्ठा, फक्त आवृत्ती नवी आणि जाडी दुप्पट. मी तोच आजार काढला. माझा परिच्छेद तिथं नव्हता. त्याच्या जागी एका गोळीबद्दल लिहिलं होतं, रोज घ्यायची गोळी, जी या आजाराच्या मुळावरच बसते. ती नीट घेणारे पुष्कळ लोक वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात. सगळ्यांना ती लागू पडत नाही, मग दुसऱ्या गोळ्या आहेत. आणि उपचार लांबवू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं.

मी काउंटरवर डोकं टेकून रडले. बाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला. "रोइए बाद में. पहले लिखिए, डॉक्टर से क्या-क्या पूछना है. मैं डॉक्टर नहीं हूँ, और इस किताब में आपके पति का नाम नहीं है."

मी चार प्रश्न लिहिले. नव्या परिच्छेदाची झेरॉक्स घेतली. रिक्षात ती मी पदराखाली धरून बसले होते, कोणी हिसकावून नेईल की काय अशी.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी जुनं पुस्तक आणि झेरॉक्स शेजारी शेजारी मांडून ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही वाचलं. झेरॉक्समधली गोळीची ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. तेव्हा मला कळलं की सकाळचं ते सगळं बोलणं धाडसाचं नव्हतं, घाबरलेल्या माणसाचं होतं.

"मग खरं कोणतं?" ते म्हणाले. "कालपर्यंत हेही खरंच होतं ना तुझं?"

"हो. चूक झाली माझी." मी त्यांना शीर्षकाच्या मागचं पान उलटून दाखवलं. "मी साल नाही पाहिलं."

त्यांनी ते साल वाचलं. "या साली मी पाटीवर बाराखडी काढत होतो," ते म्हणाले. मग माझे चार प्रश्न वाचले, खिशातलं पेन काढलं आणि खाली आपल्या अक्षरात पाचवा लिहिला. मी ड्यूटीवर जाऊ शकतो का?

सोमवारी आम्ही तिघं गेलो. रिपोर्ट तोच होता, आजार तोच निघाला. डॉक्टरांनी पाचही प्रश्नांची उत्तरं दिली, पाचव्याला हसले. "जाइए, जाइए ड्यूटी पर. बस गोली में नाग़ा मत कीजिएगा." आता रोज, खाडा न करता, ते जेवण झाल्यावर गोळी घेतात. मी समोर उभी राहते, गिळेपर्यंत. ते चिडतात. दर तीन महिन्यांनी रक्त जातं आणि रिपोर्ट येईपर्यंत मला धड झोप नसते. ही भीती काही जाणार नाही. मी फक्त तिच्या हातात आता फोन देत नाही.

जयंतीच्या आधी विहाराची साफसफाई असते. लाल पुस्तक परत न्यायला हवं होतं. मी ते घरातच कुठेतरी दडवावं असा विचार केला होता, पण बाबांचा नियम मोडवेना. ऑफिसात करतो तसं केलं. एक पांढरी चिठ्ठी लिहून पहिल्याच पानावर चिकटवली. 'हे पुस्तक फार जुनं आहे. यातले उपचार बदलले आहेत. आजारासाठी यावर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा.' खाली सही केली. मग वाटलं, नियम पाळायचा तर पूर्ण पाळावा. मी नोंद न करता पुस्तक नेलं होतं, ती नोंद तरी आता करावी.

रजिस्टर काढलं, त्या पुस्तकाचं पान उघडलं. इतक्या वर्षांत ते कोणी नेलं नसेल असं मला वाटलं होतं. पानावर एकच नोंद होती, एकच ओळ. नेणाऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव होतं. ते गेले त्याच हिवाळ्यातली, त्यांच्या आजारपणातली नोंद होती. आठ दिवसांत त्यांनी पुस्तक परत केलं होतं, वेळेवर, शिस्तीत.

त्यांनी कोणतं पान उघडलं होतं हे मला माहीत नाही. त्यांना नेमकं काय झालं होतं हेही आम्हाला कधी कळलं नाही, कारण ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत. मी ती ओळ पुन्हा वाचली. अक्षर माझं होतं. एका रविवारी वंदनेनंतर त्यांनी माझ्याकडे ते पुस्तक मागितलं असणार, मी ते त्यांच्या हातात दिलं असणार, आणि मान खाली घालून तारीख लिहिली असणार.